नाईक साळवी आणि थॉर्नबी मोटारसायकल

उत्तर सिक्कीममधल्या एका ब्रिगेडच्या सिग्नल कंपनीत माझी पोस्टिंग झाली, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. माझा ट्रेड डीआर, म्हणजे डिस्पॅच रायडर. टेलिफोनची तार जिथे पोचत नाही आणि वायरलेसवर जे बोलता येत नाही, ते मोटारसायकलवरून नेऊन द्यायचं, हे काम. घरी खराडीला सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "तिकडं लय थंडी हाय म्हनत्यात. जपून ऱ्हा." खराडी तेव्हा गाव होतं. आमची ज्वारी होती, नदीकाठाला थोडा ऊस होता. आता त्या वावरात काचेची इमारत आहे आणि तिच्या गेटवर मला ओळखपत्र विचारतात.

त्याच इमारतीत काम करणाऱ्या काही तरुण मंडळींचा जुन्या मोटारसायकलींचा क्लब आहे. गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं. विषय होता थॉर्नबी कंपनीचा इतिहास. इंग्लंडमधली ही कंपनी कधीच बंद पडली, पण तिच्या गाड्या सांभाळणारे लोक अजून आहेत. मी सैन्यात थॉर्नबी चालवली आहे हे त्यांना माझ्या पुतण्याकडून कळलं. अर्धा तास बोला म्हणाले. मी जास्त बोललो. जे बोललो ते इथे लिहितो आहे. कंपनीचा इतिहास मला ज्याने सांगितला त्याला बाजूला ठेवून तो मला सांगता येत नाही.

त्याचं नाव डॅनियल साळवी, हुद्दा नाईक. मी युनिटमध्ये पोचलो तेव्हा तो गाड्यांच्या शेडमध्ये इंजिन उघडून बसला होता. हात कोपरापर्यंत काळे. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं,

"कुठला?"

"पुणे."

"पुण्यात कुठे?"

"खराडी."

"म्हणजे पुण्याच्या बाहेर," तो म्हणाला. "मी खडकीचा. थॉर्नबी चालवलीय कधी?"

"नाही उस्ताद."

"मग ट्रेनिंगमध्ये जे शिकलास ते विसरून ये. चहा पिऊन ये आधी."

पुढे उस्ताद सुटलं आणि डॅनियल राहिलं. तो माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा होता. उंच, बारीक, बोलताना चेहरा हलायचा नाही. त्यामुळे तो टोमणा मारतोय की खरं सांगतोय हे नवीन माणसाला कळत नसे. रविवारी तो एकटाच शेडमध्ये बसून बायबल वाचायचा. ते संपलं की स्पार्क प्लग साफ करायचा.

थॉर्नबी ही एका सिलिंडरची गाडी. जड, बुटकी, आवाजाला भरीव. दिव्यासाठी बॅटरी होती, पण ठिणगी मॅग्नेटो द्यायचा. त्यामुळे बॅटरी मेली तरी गाडी चालायची, आणि सिक्कीमच्या थंडीत बॅटरी वरचेवर मरायची. उंचावर हवा विरळ, म्हणून कार्ब्युरेटरचा जेट बदलावा लागे. नाहीतर गाडी पेट्रोल पिऊन नुसती खोकत राहायची. हे सगळं डॅनियलने मला शिकवलं. त्याला ते वडिलांनी शिकवलं होतं.

त्याचे वडील सॅम्युअल साळवी खडकीच्या लष्करी वर्कशॉपमध्ये फिटर होते. दुसऱ्या महायुद्धात थॉर्नबीच्या गाड्या लाकडी खोक्यांत भरून बोटीने मुंबईला यायच्या, तिथून रेल्वेने खडकीला. चाक वेगळं, हँडल वेगळं, बाकीचं अंग ग्रीसमध्ये माखलेलं. सॅम्युअलकाका आणि त्यांचे सोबती त्या जोडायचे, आणि मग त्या गाड्या ब्रह्मदेशाकडे जायच्या. खोक्यांच्या फळ्यांवर कंपनीचं नाव ठोकलेलं असे. डॅनियल लहानपणी ज्या पलंगावर झोपला, तो त्याच फळ्यांचा होता.

गाड्या जोडता जोडता काकांनी वर्कशॉपमधल्या एका इंग्रज सार्जंटकडून कंपनीची हकीकत ऐकली होती. हा सार्जंट युद्धाआधी थॉर्नबीच्या कारखान्यात कामाला होता. काकांकडून ती डॅनियलकडे आली आणि बर्फ पडत असलेल्या दुपारी शेडमध्ये तुकड्यातुकड्याने माझ्याकडे.

थॉर्नबी हे दोन भाऊ. इंग्लंडच्या मधल्या मुलखात, कोळशाच्या धुराने काळ्या पडलेल्या एका गावात ते शिवणयंत्रांचे सुटे भाग करायचे. सायकलींचे दिवस आले तसे सायकली करू लागले. धाकट्याने एका सायकलला दुसऱ्याच कुणाचं तरी इंजिन बांधलं आणि चर्चच्या रस्त्यावर चालवून दाखवलं. थोरल्याला ते पसंत नव्हतं. पण लोक मागायला लागले, तेव्हा त्याचाही विरोध मावळला. पहिल्या महायुद्धात त्यांनी साइडकारच्या गाड्या केल्या. कुठे त्यावर मशिनगन बसवली, कुठे स्ट्रेचर. युद्ध संपल्यावर शर्यतींमध्ये नाव झालं. मग मंदी आली. भावांनी कारखाना बंद केला नाही. कामगारांना आठवड्यातले निम्मे दिवस बोलावत राहिले. तो सार्जंट म्हणायचा की ही गोष्ट गाव कधी विसरलं नाही.

दुसऱ्या युद्धात सैन्याने सांगितलं, शोभेचं सगळं काढा. क्रोमची चमक गेली, खाकी रंग आला. रस्त्याच्या कडेला बसून एका साध्या शिपायाला दुरुस्त करता येईल अशी गाडी हवी होती. थॉर्नबीने तशी करून दिली. डॅनियल म्हणायचा, त्या कंपनीने आयुष्यात केलेली सगळ्यात कुरूप आणि सगळ्यात चांगली गाडी ती हीच. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं आपल्या सैन्याने त्यांच्याकडून गाड्या घेतल्या. आमच्या शेडमधल्या त्या शेवटच्या खेपेतल्या. मी पोचलो तेव्हा त्या म्हाताऱ्या झालेल्या होत्या.

"स्पेअर येतात का अजून?" मी एकदा विचारलं.

"मागवलेत," डॅनियल म्हणाला.

"कधी?"

"तू शाळेत असताना."

पण त्याचा त्या कंपनीवर विश्वास होता. उशिरा का होईना, पाठवतील, म्हणायचा. मंदीत माणसं न काढणारे लोक आहेत ते.

रोजचं काम ठरलेलं होतं. सकाळी सिग्नल सेंटरमधून थैली घ्यायची, सही करायची, खालच्या पोस्टवर किंवा वरच्या, जिथे सांगतील तिथे जायचं, परतायचं, गाडी पुसायची. पडलो तर उठायचं. मी पुष्कळ वेळा पडलो. डॅनियल पडलेला मी पाहिला नाही. तो वेगात जायचाच नाही. "पोचायचंय," म्हणायचा, "जिंकायचं नाहीये."

ऑगस्टमध्ये पाऊस लागला तो थांबेना. डोंगर पाण्याने फुगले होते. एका सकाळी वरच्या खोऱ्यातल्या आमच्या गस्तीच्या तुकडीने वायरलेसवर कळवलं की डोंगराचा एक अख्खा उतार नदीत कोसळला आहे. नदी अडली आहे. मागे पाणी साठतंय, आणि दगडमातीचा तो बांध पाझरायला लागला आहे.

आमचा तळ उंचावर होता, आम्हाला धोका नव्हता. पण आमच्या खाली नदीकाठी बेली पूल होता. लोखंडी सांगाड्यांचा, सैन्य घाईने जोडतं तसा. पुलाच्या अलीकडे सॅपर्सची, म्हणजे लष्करी इंजिनिअरांची, एक छोटी तुकडी आणि रस्ता बांधणाऱ्या मजुरांची वस्ती होती. मजूर बायकामुलांसह राहायचे. तिथली टेलिफोनची तार पावसाने आधीच तोडली होती. ऑपरेटर वायरलेसवर हाका मारत होता.

"ब्राव्हो टू, ब्राव्हो टू, रिपोर्ट सिग्नल्स, ओव्हर."

नुसती खरखर. खालचा सेट त्या घळीत एरवीही जेमतेम चालायचा.

ड्यूटीवर कॅप्टन नेगी होते. त्यांनी डॅनियलला आणि मला बोलावलं. टेबलावरचा नकाशा आमच्याकडे फिरवला.

"बांध दिवसभर टिकेल किंवा आत्ता फुटेल. सगळ्यांना वरच्या वळणापर्यंत चढवायचं. सामान घ्यायचं नाही. दोघं जाल. एक थांबला तर दुसऱ्याने थांबायचं नाही. समजलं?"

"यस सर."

रस्ता म्हणजे चिखल होता. वरून बारीक दगड येत होते. डॅनियल पुढे, मी त्याच्या चाकाच्या खुणेवरून मागे. अर्ध्या वाटेवर एक ओढा रस्त्यावरून वाहत होता. डॅनियल हळूहळू पार झाला. माझं चाक दगडावरून सरकलं, गाडी आडवी झाली आणि इंजिन बंद पडलं. मी ती उभी केली. किक मारली, पुन्हा मारली. मॅग्नेटोत पाणी गेलं होतं. पलीकडे डॅनियल उभा होता.

"जा तू," मी ओरडलो. "थांबायचं नाही अशी ऑर्डर आहे."

"थांबलो कुठे? इंजिन चालू आहे. गाडी डोंगराला टेकव आणि मागे बस."

मी बसलो. उरलेला रस्ता आम्ही एका गाडीवरून उतरलो. तो नेहमीसारखाच सावकाश चालवत होता. एका वळणावर खाली नदी दिसली तेव्हा मात्र त्याने गाडीचा वेग पहिल्यांदाच वाढवला.

नदीला पाणी नव्हतं. इतक्या पावसात, ऑगस्टमध्ये, नदीचं पात्र जवळजवळ उघडं पडलं होतं. मधून एक बारीक धार आणि बाजूला डबकी. वस्तीतले लोक पात्रात उतरून डबक्यांतले मासे पकडत होते. बायका ओच्यात मासे गोळा करत होत्या. मुलं हसत होती.

सॅपर्सचे नायब सुभेदार पेरुमाळ यांना मी निरोप दिला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कन्फर्म?" मी हो म्हणालो. त्यांनी शिट्टी काढली. त्यांची माणसं पात्रात धावली, ट्रकचा हॉर्न वाजत राहिला. लोक आधी ऐकेनात. कुणी मासे सोडायला तयार नव्हतं, कुणाला झोपडीतून भांडी आणायची होती. एका जवानाने एका मुलाला उचलून खांद्यावर टाकलं आणि तो चढायलाच लागला. त्या मुलाची आई त्याच्यामागे आली, तिच्यामागे बाकीच्या. असा अलीकडचा काठ रिकामा होऊ लागला.

तेव्हा डॅनियलने पलीकडे बोट केलं. पुलाच्या पलीकडे खडी फोडायचं मशीन होतं. त्याचं डिझेल इंजिन धडधडत होतं आणि त्याच्या आवाजात तिथल्या मजुरांना काही ऐकू येत नव्हतं. आम्ही हात हलवले. त्यांनीही हात हलवले.

"वो लोग?" डॅनियलने विचारलं.

पेरुमाळ साहेबांनी नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं. "पुल पे अब कोई नहीं जाएगा. मैं अपना आदमी नहीं भेजूँगा."

"मैं आपका आदमी नहीं हूँ, साहब. सिग्नल्स का हूँ," डॅनियल म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "उतर."

"मीही येतो."

"तू बसलास तर येताना माणसं कुठे बसवू? उतर, दरेकर."

मी उतरलो. पेरुमाळ साहेबांनी हात आडवा केला नाही.

पुलाच्या फळ्यांवरून तो त्याच्या नेहमीच्या वेगाने गेला. पलीकडे मशीनपाशी थांबला, त्याचं डिझेल इंजिन बंद केलं. एकदम शांतता झाली. तो वर बोट दाखवून सांगत होता, ते दिसत होतं. तिकडच्या काठावर डोंगरात एक पायवाट चढत होती. माणसं तिच्याकडे पळाली. एकाने त्याला हाताला धरून काहीतरी सांगितलं. डॅनियल पुन्हा गाडीवर बसला आणि नदीच्या वरच्या अंगाला, वळणाआड दिसेनासा झाला. तिकडे आणखी काही लोक दगड काढत होते, हे आम्हाला नंतर कळलं.

तो परत आला तेव्हा त्याच्या मागे एक बाई होती, तिच्या कडेला मूल, आणि पुढे टाकीवर एक म्हातारा. पायवाटेच्या तोंडाशी त्याने त्यांना उतरवलं. मग गाडी वळवली.

"बस, आ जाओ," पेरुमाळ साहेब पुटपुटले. तो पुन्हा वळणाकडे गेला.

आम्ही तोवर वरच्या रस्त्यावर चढलो होतो. आधी माझ्या पायांना कळलं. जमीन थरथरत होती. मग आवाज आला. त्या आवाजातही थॉर्नबीचा ठोका काही वेळ वेगळा ऐकू येत होता. ती वळणावरून बाहेर आली. मागे दोन माणसं होती. पायवाटेपाशी ती दोघं उतरली आणि वरच्या झाडाच्या मुळांना धरून चढली. त्यांच्यातल्या एकाने पुढे सांगितलं की साहेबाने खालून आधी त्यांना रेटा दिला. त्यानंतर त्याच्या वाट्याला वेळ उरला नाही. तपकिरी पाणी, झाडं आणि दगड एकत्र आले. पूल मधोमध वाकला आणि गेला. वस्ती गेली. मशीनही गेलं.

दोन्ही काठांवरची मजूर माणसं वाचली. सगळी.

डॅनियल तिसऱ्या दिवशी बराच खाली सापडला. पाद्री वर येऊ शकले नाहीत, म्हणून त्याला खाली मैदानात नेऊन दफन केलं. आमच्या सिग्नल कंपनीने सलामी दिली. त्याची गाडी सापडली नाही. माझी ओढ्याजवळ डोंगराला टेकलेली तशीच होती. मॅग्नेटो वाळवल्यावर ती सुरू झाली.

कॅप्टन नेगींनी मला रजा दिली आणि त्याचं सामान घेऊन खडकीला पाठवलं. सॅम्युअलकाका तेव्हा निवृत्त झाले होते. दोन खोल्यांचं घर, बाहेर कण्हेर. घरी ते एकटेच. त्यांनी मला बसवलं, स्वतः चहा केला. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मध्ये एकदाही त्यांनी थांबवलं नाही. शेवटी म्हणाले,

"एक विचारू का? खरं सांगा."

"विचारा काका."

"गाडी बंद पडली होती का?"

"नाही काका. शेवटपर्यंत चालू होती. आम्हाला पलीकडून आवाज येत होता."

ते खिडकीबाहेर बघत बसले. चहावर साय धरली.

"युद्धात आम्ही जोडलेल्या गाड्यांवर किती मुलं गेली असतील," ते म्हणाले. "प्रत्येक नट आवळताना वाटायचं, आपल्यामुळे कुणी मागे राहायला नको." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चहा घ्या आपण. निवला असेल." माझ्याशी ते 'आपण'नेच बोलले. मी त्यांच्या मुलाहून लहान होतो.

त्यानंतर काही काळातच थॉर्नबीचा कारखाना बंद झाला. आम्हाला ते क्वार्टरमास्टरकडून कळलं. स्पेअरची मागणी परत आली, कंपनी अस्तित्वात नाही असा शेरा मारून. आमच्या गाड्या एकेक करून कंडेम झाल्या आणि भंगारात गेल्या.

बंद का पडली, हे मला पुढे वाचून आणि आता क्लबच्या मुलांकडून समजलं. भावांच्या नातवंडांच्या हाती कारखाना आला होता. अमेरिकेत गाड्या खपत होत्या तोवर कुणी काही बदललं नाही. इंजिनातून तेल गळायचं. गिऱ्हाईक तक्रार करी, तेव्हा कारखान्यातले हसून सांगत की थॉर्नबीचं तेल गळायचं थांबलं म्हणजे ते संपलं असं समजा. मग जपानी गाड्या आल्या. त्यांचं तेल गळत नव्हतं आणि त्या बटणावर सुरू व्हायच्या. मालकांनी कारखाना विकला, घेणाऱ्याने पुन्हा विकला. शेवटी गेटला कुलूप लागलं, तेव्हा कामगार आतच बसून राहिले. अख्खा हिवाळा त्यांनी थंड पडलेल्या मशीनशेजारी काढला. वसंतात ते बाहेर आले. आता तिथे घरं आहेत. नाव कुणीतरी विकत घेतलं आहे, त्या नावाचे टी-शर्ट मिळतात. क्लबच्या निम्म्या मुलांनी तेच घातले होते.

बोलणं झाल्यावर वर्ध्याहून आलेल्या एका इंजिनिअर मुलीने हात वर केला. तिच्याकडे स्वतः दुरुस्त करून घेतलेली थॉर्नबी आहे.

"सर, कंपनी बंद पडायला आलीय हे साळवी सरांना माहीत होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "त्याच्या हिशेबी स्पेअर वाटेत होते."

काही मुलं हसली. त्या मुलीने विचारलं, "तुम्हाला परत तिथे जावं लागलं का?"

जावं लागलं. हवालदार झाल्यावर मी पुन्हा त्याच खोऱ्यात होतो. पूल नवा होता, आधीच्यापेक्षा बराच उंचावर. पलीकडच्या काठावर, ती पायवाट जिथून चढते तिथे, कुणीतरी दगडांची रास रचली होती. तिच्यावर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. शेजारी काही मजूर बायका जेवायला बसल्या होत्या. त्यातल्या एकीला मी विचारलं, हे कुणाचं?

"फटफटीवाले साहब का," ती म्हणाली.

"नाम?"

तिला माहीत नव्हतं. तिथे कुणालाच माहीत नव्हतं. ती त्या पुरानंतर कामावर आलेली होती. तिने हे फक्त ऐकलं होतं.

मी टोपी सारखी केली आणि तिला सांगितलं. नाईक डॅनियल सॅम्युअल साळवी, सिग्नल्स. तिने ते नाव हळूच म्हणून पाहिलं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा बरोबर आलं. मग मागे वळून तिने ते बाकीच्या बायकांना सांगितलं.